माप, तराजू आणि बारा बोअरचे काडतूस

अमेरिकेत घरच्या घरी शॉटगनची काडतुसे भरायला बसणाऱ्या नवख्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा प्रेसबद्दल असतो. कोणत्या कंपनीची घ्यावी, एका वेळी एकच काडतूस हाताळणारी साधी प्रेस पुरेल की दांडीच्या प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस देणारी महागडी घ्यावी, तासाला किती निघतील, हेच हिशेब आधी मांडले जातात. पैसे बहुतेक त्यातच संपतात आणि तराजू, मापाच्या पट्ट्या, भरणीची छापील कोष्टके या गोष्टी पुढच्या महिन्यावर ढकलल्या जातात. या कामाचा दीडशे वर्षांहून मोठा इतिहास पाहिला तर हा क्रम उलटा असायला हवा, असे माझे ठाम मत आहे. काडतूस दाबणाऱ्या, मुडपणाऱ्या यंत्रांनी वेग दिला आणि श्रम वाचवले, हे खरेच. पण या हस्तव्यवसायाला प्रत्येक मोठे वळण मिळाले ते दारू आणि छर्रे मोजायच्या रीतीमुळे, आणि त्यातले अपघातही बहुतांशी मोजण्यातल्याच चुकीतून आले.

ठासणीच्या बंदुकीच्या काळात ‘घरी भरणे’ असा वेगळा प्रकार नव्हताच. प्रत्येक बार बंदूकवाला स्वतःच्या हाताने भरत असे: नळीत दारू ओतायची, वर वॅड (नमद्याची किंवा पुठ्ठ्याची चकती) ठासायचे, मग छर्रे, मग छर्रे सांडू नयेत म्हणून आणखी एक वॅड, आणि शेवटी बार पेटवणारी टोपी चढवायची. इंग्लंडमध्ये या सरंजामाची राजधानी होती शेफील्ड. १८०६ मध्ये सुरू झालेल्या जेम्स डिक्सन अँड सन्स या पेढीचे दारूचे तांब्या-पितळेचे बुधले जगभर जात. त्या बुधल्याच्या तोंडाशी एक लहान नळी असे आणि तिची लांबी खाचांवर कमी-जास्त करता येई. बोटाने तोंड दाबून बुधला उलटा करायचा, झडप सोडायची, की नळीभर दारू मोजून मिळे. खाचांवर आकडे असत ते ड्रॅमचे. ड्रॅम म्हणजे औंसाचा सोळावा भाग, सुमारे सव्वासत्तावीस ग्रेन. म्हणजे हे वजनाचे परिमाण. बुधला मात्र मोजत असे जागा, वजन नव्हे. काळ्या दारूपुरते हे चालून गेले, कारण सोरा, कोळसा आणि गंधक यांचे ते मिश्रण सगळीकडे जवळपास सारख्याच घनतेचे असे आणि थोडे जास्त पडले तरी दाब एकदम उसळत नसे. जादा दारूचा बराच भाग धूर आणि काजळी होऊन बाहेर पडे. छर्ऱ्यांचेही तसेच. ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सने १७८२ मध्ये उंचावरून वितळलेले शिसे पाण्यात सोडून गोल छर्रे करण्याचे पेटंट घेतले, त्यामुळे एकाच आकाराचे दाणे मिळू लागले आणि तेही मापटे भरून मोजता येऊ लागले. मापावरचा हा भरवसा त्या काळात आंधळा नव्हता. त्या मालासाठी तो योग्यच होता, आणि पुढचा सगळा घोटाळा समजून घ्यायचा तर हे मान्य करून पुढे जावे लागते.

पॅरिसच्या काझिमिर लेफोशेने १८३० च्या दशकात मागून मोडून भरायची बंदूक आणली. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ती इंग्रज कारागिरांच्या डोळ्यांत भरली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ठासणीची बंदूक मागे पडू लागली. १८६१ मध्ये लंडनच्या जॉर्ज डॉने बुडाच्या मध्यावर टोपी असलेले काडतूस बाजारात आणले, आणि एली ब्रदर्ससारख्या कारखान्यांनी अशा कागदी पुंगळ्या ढिगाने काढायला सुरुवात केली. इथे घरगुती भरणी हा स्वतंत्र धंदा जन्माला आला, कारण पुंगळी विकत मिळे आणि आत काय व किती घालायचे ते घेणाऱ्यावर सोपवलेले असे. गावातला लोखंडी सामानवाला दुकानामागच्या खोलीत काडतुसे भरून स्वतःचे नाव छापलेल्या पुंगळीत विके. मोठ्या जमीनदारीवर हे काम शिकाररक्षकाकडे असे. बाकीचे आपापल्या टेबलावर भरत. त्या वेळच्या पेटीत काय असे ते पाहण्यासारखे आहे. वापरलेली टोपी उपसून नवी बसवायचा चिमट्यासारखा पितळी सांडस, वॅड दाबायला लाकडी ठोकणी, दांडी असलेले दुतोंडी माप (त्याच्या एका टोकाला ड्रॅम, दुसऱ्या टोकाला औंस), आणि टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळायचे, हाताने फिरवायचे कडी-मुडपे. पुंगळी त्यात आडवी धरून दांडा फिरवला की कागदाची कड आत गोल वळे आणि छर्ऱ्यांवरची पातळ चकती जागेवर पक्की बसे. या पेटीतली सगळी साधने हाताची होती, साधी होती आणि उत्तम होती. इतकी उत्तम, की त्यांतली बरीचशी आजही चालतात. जुने झाले ते एकच: दुतोंडी माप.

अमेरिकेत हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर झाला. पाणपक्षी मारून शहरांच्या बाजारात विकणाऱ्या शिकाऱ्यांना पितळी पुंगळी परवडे, कारण ती पुन्हा पुन्हा भरता येई. पितळेची भिंत कागदापेक्षा पातळ, म्हणून बारा बोअरच्या पितळी पुंगळीत अकरा किंवा दहा बोअरचे, म्हणजे जरा मोठे, वॅड घट्ट बसवावे लागत. हे ज्याला ठाऊक नसे त्याची काडतुसे मंद आणि बेभरवशाची निघत. १८८४ मध्ये जॉन बार्लोने कनेटिकटमधल्या न्यू हेवनला ‘आयडियल’ ही भरणीची साधने बनवणारी कंपनी काढली आणि साधनांबरोबर हँडबुकही छापायला सुरुवात केली. मला या हँडबुकाचे मोल साधनांपेक्षा जास्त वाटते, कारण कोणती दारू किती आणि कशासाठी याची कोष्टके तिथे सामान्य गिऱ्हाइकाच्या हाती आली. त्याच दशकात भरणी करणारी यंत्रे कारखान्यांत उभी राहिली, तयार काडतुसांची खोकी दुकानात दिसू लागली, आणि घरगुती भरणीची गरज आता संपली असे वाटण्याजोगी स्थिती आली.

पण त्या आधीच दारू बदलली होती. एडुआर्ड शुल्ट्झ या प्रशियन तोफखान्यातल्या अधिकाऱ्याने १८६० च्या दशकात लाकडाच्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून धूर न करणारी दारू केली, आणि दशकाच्या अखेरीस इंग्लंडच्या न्यू फॉरेस्टमध्ये तिचा कारखाना सुरू झाला. १८८२ मध्ये ‘ई. सी.’ ही तशीच दुसरी दारू आली. या दोन्ही दारू बनवणाऱ्यांना एक गोष्ट पक्की माहीत होती: गिऱ्हाईक आपले जुने माप टाकणार नाही. म्हणून त्यांनी दारूच अशी फुगीर, हलकी केली की तीन ड्रॅमच्या मापात काळी दारू ब्याऐंशी ग्रेन मावत असेल तर ही नवी सुमारे बेचाळीस ग्रेन मावावी आणि जोर तेवढाच मिळावा. माणसाच्या सवयीसाठी रसायनाला मुरड घालण्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडेल. पुढे आल्फ्रेड नोबेलची बॅलिस्टाइट आली, १८८७ च्या पेटंटची, घट्ट दाण्याची. तिला हे बंधन नव्हते. बारा बोअरला तिचे वजन तिशीच्या आत पुरे, आणि तेवढी दारू त्या जुन्या मापाच्या तळाशीच राहायची. आता कल्पना करा, हात जुना, माप जुने, डबा मात्र नवा. आपल्याकडे पायलीने ज्वारी मोजणाऱ्या माणसाला कुणी त्याच पायलीने शिसे मोजायला सांगावे, तसा हा प्रकार होता. फरक इतकाच, की इथे चूक झाली तर नळी फुटून डावा पंजा जाई. त्या काळच्या बऱ्याच बंदुकांच्या नळ्या लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या होत्या आणि त्यांची परीक्षा काळ्या दारूवरच झालेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत फुटलेल्या नळ्यांचा दोष पुष्कळदा दारूवर टाकला गेला. दारूचा दोष नव्हता. वजनाने मोजायची वस्तू जागेने मोजली गेली होती.

यावर एक आक्षेप लगेच येईल, आणि तो वजनदार आहे. आजच्या जवळपास प्रत्येक प्रेसवर दारू मापानेच पडते, तराजूने नाही. आणि तशी भरलेली काडतुसे रोज हजारोंनी बिनघोर उडतात. मग तराजूचा एवढा आग्रह कशासाठी? याचे उत्तर प्रेसच्या डोक्यावर नजर टाकली की मिळते. विस्कॉन्सिनमधल्या मेव्हिल गावात १९४५ मध्ये सुरू झालेल्या मेव्हिल इंजिनिअरिंग कंपनीची, म्हणजे सर्वत्र ‘मेक’ नावाने ओळखली जाणारी साधी प्रेस घ्या. वर दोन बाटल्या उलट्या बसवलेल्या, एक दारूची, एक छर्ऱ्यांची. त्यांच्या तोंडाखालून एक धातूची पट्टी डावी-उजवीकडे सरकते. पट्टीत दोन भोके: मोठे छर्ऱ्यांसाठी, लहान दारूसाठी, आणि लहान भोकात नंबर घातलेली बुशिंग, म्हणजे ठरावीक छिद्राची बदलता येणारी नळी, बसते. पट्टी एकीकडे ढकलली की दारू पडते, दुसरीकडे ढकलली की छर्रे. कोणत्या दारूला कोणत्या नंबरची बुशिंग म्हणजे किती ग्रेन, याचा तक्ता कंपनी देते, आणि वजन तराजूवर पडताळून घ्या असेही बजावते. कारण तेच भोक, तीच दारू, पण दांडी जोरात ओढणाऱ्याच्या हाताखाली दारू हादऱ्याने अधिक घट्ट बसते आणि जास्त पडते. सावकाश ओढणाऱ्याला कमी. दारूच्या लॉटनुसार घनता थोडी बदलते, आणि चपट्या पापुद्र्यांची दारू बाटलीच्या तोंडाशी अडून एखादे काडतूस जवळजवळ रिकामेही जाते. म्हणजे प्रेसवरचे माप सुरक्षित आहे ते त्याच्या मागे तराजू उभा आहे म्हणून. बिनघोर उडणाऱ्या त्या हजारो काडतुसांनी मापाची नव्हे, पडताळलेल्या मापाची ग्वाही दिली आहे.

या सगळ्यात जुना ड्रॅम मात्र मेला नाही. अमेरिकी काडतुसांच्या खोक्यांवर अजूनही ‘तीन ड्रॅम इक्विव्हॅलंट’ असे छापलेले दिसते. त्याचा अर्थ इतकाच, की या काडतुसातले छर्रे तीन ड्रॅम काळ्या दारूने जेवढ्या वेगाने गेले असते तेवढ्या वेगाने जातील. आत दारू तीन ड्रॅम नसते, तिच्या तिसऱ्या भागाच्या आसपासही पुष्कळदा नसते. भरणीच्या कामात नवीन आलेल्या माणसाने हा आकडा वजन समजून वाचला तर काय होईल ते वर आलेच आहे. शंभर वर्षांपूर्वी बंद पडलेल्या रीतीचा आकडा खोक्यावर ठेवायला माझा सरळ विरोध आहे. वेग थेट ‘फूट प्रति सेकंद’ असा छापता येतो आणि आता बरेच कारखाने तो छापतातही.

घरगुती भरणी कारखान्यांच्या स्पर्धेत टिकली ती मैदानी खेळामुळे. सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगॉव्स्कीने १८८० मध्ये मातीची उडती थाळी आणली, आणि १९२० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हरला चार्ल्स डेव्हिस आणि मंडळींनी ज्या खेळाचा पाया घातला त्यालाच पुढे स्कीट म्हणू लागले. स्कीटच्या एका डावात पंचवीस बार, ट्रॅप या थाळीच्याच दुसऱ्या खेळाच्या स्पर्धेत शंभर-शंभर. शिकारी वर्षभरात उडवी तेवढे बार खेळाडू एका दिवसात उडवू लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर हौशी माणसाला रिकाम्या पुंगळ्या फेकून देणे परवडेना. १९५८ मध्ये रिचर्ड लीने जे ‘ली लोडर’ काढले ते आधी शॉटगनसाठीच होते: हातात मावणारे काही तुकडे, ठोकायला हातोडी, आणि दारूसाठी पुन्हा एक लहानसे माप. वरवर पाहता हे एकोणिसाव्या शतकाकडे परतणे वाटते. तसे ते नाही. या मापाबरोबर तक्ता आला, आणि त्यात अमुक नावाची दारू या मापात अमुक ग्रेन बसते असे स्पष्ट लिहिलेले असे. माप तेच राहिले, पण त्याचा हुकूम गेला आणि ते तराजूच्या ताब्यात आले.

दोन वर्षांनी, १९६० मध्ये, रेमिंग्टनने प्लास्टिकची पुंगळी बाजारात आणली, आणि दशकाच्या मध्यापर्यंत विंचेस्टरची ‘डबल ए’ आणि एकसंध प्लास्टिकचे वॅडही आले. कागदी पुंगळी दमट हवेत फुगे, तोंडाशी जळून फाटे, आणि दोन-चार भरण्यांत संपे. प्लास्टिकची पुंगळी त्याहून कितीतरी जास्त वेळा भरता येऊ लागली. पूर्वीचे नमद्याचे आणि पुठ्ठ्याचे वॅड कमी-जास्त घालून आतली उंची जुळवता येत असे. प्लास्टिकचे वॅड एकच, ठरलेल्या उंचीचे, खाली दारूचा वायू अडवणारी वाटी आणि वर छर्ऱ्यांची वाटी. त्यामुळे पुंगळी, टोपी, दारू, वॅड आणि छर्रे यांची एक ठरलेली जोडणी तयार झाली. भरणारे तिला सरळ रेसिपीच म्हणतात. यातला एक घटक बदलला, अगदी टोपीची कंपनी बदलली, तरी दाब बदलतो; आणि बारा बोअरच्या नेहमीच्या पावणेतीन इंची काडतुसाला अमेरिकी उद्योगसंस्थेची मर्यादा आहे साडेअकरा हजार पौंड दर चौरस इंच. दारूच्या डब्यावरचा रंग किंवा दाण्याचा आकार पाहून ‘ही त्याच्यासारखीच आहे’ असे ठरवणे इथे चालत नाही. म्हणूनच साधने निवडायची तर सुरुवात पुंगळीपासून करावी: आपल्याकडे कोणत्या पुंगळ्या सहज आणि सारख्या मिळतात ते पाहावे, तिच्या आतल्या आकाराला बसणारे वॅड ठरवावे, त्या जोडीची छापील आणि तपासलेली भरणी शोधावी, तिच्यासाठी दारू आणि टोपी घ्यावी, मग तराजू, आणि सर्वांत शेवटी प्रेस. पुंगळीचे तोंड घड्या घालून मिटवताना सहा पाकळ्या लागतात की आठ, हेसुद्धा पुंगळीवर ठरते. प्रेसवर ते फक्त एक बदलायचा भाग आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. तो म्हणेल, हे काम पैसे वाचवण्यासाठी असते, आणि पैसे वाचतात वेगाने. शंभर काडतुसांना दोन तास लागले तर त्या तासांची किंमत धरा. हिशेब बरोबर आहे, पण तो आजच्या बाजारातून तपासला तर उलट बाजूने बोलतो. बारा बोअरची हलकी खेळाची काडतुसे कारखाने इतकी स्वस्त विकतात की घरी भरून फारसे हाती लागत नाही. बचत खरी होते ती अठ्ठावीस बोअर आणि चारशेदहा या लहान नळ्यांत, ज्यांची तयार काडतुसे महाग असतात आणि स्कीटच्या स्पर्धांत ज्यांचे स्वतंत्र गट आहेत. आता चारशेदहाच्या काडतुसात छर्रे अर्धा औंस आणि दारूही थोडीशी. बारा बोअरमध्ये एका ग्रेनची चूक मोठ्या वजनात विरून जाते, इथे तीच चूक जास्त जाणवते. जिथे पैसे वाचतात तिथेच मोजणी सर्वांत नाजूक आहे. वेगवान प्रेस घेऊन साध्या तराजूवर भागवणारा माणूस त्यामुळे आपल्याच हिशेबात फसतो.

भारतात हा व्यवसाय घराघरांत रुजण्याचा प्रश्न आला नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याने दारूगोळा बनवायला परवाना लागतो, आणि बंदुकीचा परवाना असलेला माणूस सहसा तयार काडतुसेच विकत घेतो. १८६९ पासून चालत आलेला पुण्याजवळचा खडकीचा दारूगोळा कारखाना बारा बोअरची ‘शक्तिमान’ काडतुसे काढतो, आणि परवानाधारक शेतकऱ्याला ती चांगली ओळखीची आहेत. तिथे मोजण्याची जबाबदारी पूर्णपणे कारखान्याची. अमेरिकेतल्या घरगुती टेबलावर मात्र ती एका माणसाची असते, आणि तिथला कायदा मुभा देतो तेव्हा ती जबाबदारीही त्याच माणसाच्या गळ्यात घालतो.

या सगळ्याची ताजी कसोटी लागली ती शिशाच्या बंदीने. पाणथळीत पडलेले शिशाचे छर्रे खडे समजून बदके गिळतात आणि विषबाधेने मरतात, हे पुराव्यानिशी सिद्ध झाल्यावर अमेरिकेने पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसे टप्प्याटप्प्याने बंद केले आणि १९९१ मध्ये देशभर बंदी पूर्ण झाली. युरोपीय संघाने पाणथळ भागांत ती फेब्रुवारी २०२३ पासून लागू केली. ही बंदी योग्यच आहे आणि ती आणखी आधी यायला हवी होती. शिशाच्या जागी आले पोलादी छर्रे, आणि भरणाऱ्यापुढे शुल्ट्झच्या काळातलाच पेच नव्याने उभा राहिला. शिशाची घनता पाण्याच्या अकरा पट, पोलादाची पावणेआठ-आठ पट. म्हणजे शिशाचा एक औंस टाकणारे पट्टीतले भोक पोलादाचे पाऊण औंसही टाकत नाही. शिवाय शिशाचा दाणा पट्टीच्या धारेत सापडला तर कापला जातो, पोलादाचा दाणा पट्टीच अडकवतो. पोलाद नळीला घासू नये म्हणून जाड भिंतीचे वेगळे वॅड लागते, ते वॅड जागा खाते, त्यामुळे दारू वेगळी, कोष्टक वेगळे. मेकने त्यासाठी ‘स्टीलमास्टर’ नावाची निराळी प्रेस काढली. शिशासाठी घेतलेली जुनी प्रेस, बुशिंग आणि वॅडचे खोके घेऊन पोलाद भरायला बसणाऱ्याला जवळपास सगळे सामान बदलावे लागले. तराजू मात्र तोच चालला.